पावेलच्या बाबांचं 'नो ताक'

फुटबॉलची मॅच बघायला आगाशीहून कुणी डब्लिनला जात नाही. मीही त्यासाठी गेले नव्हते. मी गेले एका माणसाला एक प्रश्न विचारायला, आणि तो माणूस मॅचसाठी येणार होता म्हणून मलाही मॅच बघावी लागली. आधीच सांगते, मी काळजी करणारी बाई आहे. आमचे हे म्हणतात, सुलभाला काळजीचं काही मिळालं नाही की तिला त्याची काळजी लागते. म्हणोत बापडे.

आमची मयुरी आयर्लंडमध्ये नर्स आहे, चार वर्षं झाली. तिथे तिचं एका पोलंडच्या मुलाशी जमलं. तो इलेक्ट्रिशियन. हिच्या खोलीतला दिवा दुरुस्त करायला आला आणि दुरुस्तीला तीन वेळा यावं लागलं म्हणे, यातच मी काय ते समजले. मुलाचं नाव पावेल. नाव ऐकल्या ऐकल्या मनवेलपाड्याची माझी नणंद फोनवर म्हणाली, "आम्ही देव पावेल म्हणून वाट बघत बसलोय, तुमच्याकडे तो जावई होऊनच आला." खरा उच्चार पावेव असा काहीतरी आहे, पण आमच्या घरात तो पावेलच राहिला.

परका देश, परका धर्म, सगळं मी गिळलं. वसईत राहणाऱ्या बाईला ख्रिस्ती घर काही परकं नसतं. आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून मार्शलिनचं घर आहे, आणि तिच्या घरचा नाताळ आणि आमच्या घरची दिवाळी एकाच डब्यातून इकडून तिकडे जाते. घशाखाली उतरत नव्हती ती एकच गोष्ट. पावेलचे बाबा, यान, पोलंडमधल्या एका खेड्यात राहतात. सफरचंदाची मोठी बाग आहे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, आणि मुलगा हा एकच. बाग आहे, बाप एकटा आहे, मुलगा एकुलता आहे. याचा अर्थ काय, हे वाडीत आयुष्य काढलेल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. आज ना उद्या ते मुलाला गावी बोलावणार आणि त्याच्या मागून माझी मुलगी जाणार. मयुरी जाताना म्हणाली होती, पाच वर्षांनी परत येते. नोकरीवरून माणूस परत येतो. पण बागायतीच्या घरात सून म्हणून गेलेली मुलगी कधी परत आली आहे? मी माहेरापासून नऊ किलोमीटरवर दिलेली, मी तरी कुठे परत गेले.

तेव्हा यानच्या तोंडून हो किंवा नाही ऐकायचं, एवढंच काम घेऊन मी निघाले. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे एकटी. एव्हरशाईन सिटीतल्या एजंटबाईंनी व्हिसाचे कागद केले. आमच्याकडे फुलं खुडायला येणारी भीमा म्हणाली, "काकी, तिकडचं पानी गार असनार. घसा बसला तर बोलनार कशा?" तिला काय माहीत, घसा शाबूत राहूनही मला तिथे बोलता येणार नव्हतं.

डब्लिन, मॅचच्या आधी

विमानतळावरच पहिली धडधड. मी बॅगेत दोन किलो सुकेळी नेली होती. आमच्या आगाशीची वाळवलेली राजेळी केळी, केळीच्याच वाळक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, घट्ट गुंडाळलेली. तिथल्या अधिकाऱ्याने एक पुडकं हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि मला सिगार का म्हणून विचारलं. परत पाठवतात की काय, मुलीचं लग्न केळ्यावरून मोडतंय की काय, काय काय डोक्यात आलं. शेवटी मी एक सोडलं आणि त्याच्यासमोर खाऊन दाखवलं. तो हसला आणि जा म्हणाला.

डब्लिन गाव बसकं आहे. घरं दुमजली, विटांची, दारं मात्र एकेक पिवळं, निळं, लाल, जणू प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा वेगळं दार हवं. वारा इतका की पदराची दोन टोकं दोन दिशांना. माणसं बोलकी. बसच्या रांगेत अनोळखी बाई हवामानाबद्दल पाच मिनिटं बोलली आणि मग "बाय, लव्ह" म्हणून गेली. मी घाबरून मयुरीकडे बघितलं. ती म्हणाली, इथे सगळ्यांना तसंच म्हणतात. आपल्याकडे भाजीवाला ताई म्हणतो तसं. जेवायला बटाटा असतोच, भाताबरोबरसुद्धा बटाटा देतात. मला तक्रार नव्हती, पण तिसऱ्या दिवशी मी मयुरीच्या चुलीवर, म्हणजे त्या काचेच्या सपाट शेगडीवर, वालाचं बिरडं लावलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

त्याच दिवशी यान आले. उंच, रुंद, पांढऱ्या मिशा, आणि हात बघितले तर आमच्या ह्यांच्यासारखेच. नखांच्या कडेला माती मुरलेली, धुऊन न जाणारी. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. असे हात बाग सोडत नाहीत.

त्यांना इंग्रजी शून्य. माझं इंग्रजी यस, नो, थँक्यू आणि औषधांची नावं. त्यामुळे आम्ही समोरासमोर बसून नुसतं हसायचो. त्यांनी फोनमध्ये सफरचंदाची झाडं दाखवली, मी केळीची बेटं दाखवली. मध्येच त्यांना गावाहून फोन आला आणि ते खिडकीशी उभे राहून बोलू लागले. काय बोलले देव जाणे, पण मला ऐकू येत होतं ते एवढंच, "नो. नो, नो. नो." बापरे, म्हटलं, हा माणूस कशालाच होकार देत नाही. माझा धीर अर्धा तिथेच गेला.

बाकी ते बोलायचे त्यात एक शब्द मात्र माझ्या ओळखीचा निघाला. पावेल त्यांना काहीबाही विचारायचा आणि ते मान हलवून म्हणायचे, "ताक." पुन्हा विचारलं की, "ताक, ताक." मी कान टवकारले. थकून आलेला माणूस, घसा कोरडा, ताक मागतोय, आणि ही पोरं त्याच्यापुढे चहा ठेवतायत. विचारावं तर मयुरी हसणार. म्हणून काही न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे ताक खरंच मिळतं, पुठ्ठ्याच्या डब्यात. पाव भाजताना पिठात घालतात म्हणे, पिण्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आणलं, पाणी घातलं, जिऱ्याची पूड, आलं, मीठ, वरून कोथिंबीर. यानसमोर पेला ठेवला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले आणि दोन पेले रिकामे केले. मग छातीवर हात ठेवून मला नमस्कार केल्यासारखं वाकले. पावेल म्हणाला, आमच्याकडेही असंच काहीतरी पितात. झालं, माझी खात्री पटली. जगात ताकाला ताक म्हणणारा आणखी एक देश आहे, हे शोधून काढल्याचा मला इतका अभिमान वाटला की मी कुणाला सांगितलंच नाही.

प्रश्न तेवढा अजून विचारायचाच होता. पावेलला मध्ये घालून विचारावं, तर मुलाच्याच तोंडून बापाला जाब विचारल्यासारखं होणार. मयुरीनेही बजावलेलं, "आई, मॅच होईपर्यंत कुठलाही गंभीर विषय काढायचा नाही. नंतर जेवताना बोलू." तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, हिला उत्तर माहीत आहे आणि ते वाईट आहे.

मॅचचा दिवस

दुपारीच रस्ते दोन रंगांत भरले. हिरवे आयर्लंडचे, लाल-पांढरे पोलंडचे. मला वाटलं होतं मारामारी होणार. आमच्याकडे दोन पाड्यांची क्रिकेटची फायनल असली तरी चार जणांची डोकी तापतात. पण इथे हिरवे आणि लाल एकाच दुकानाबाहेर उभे राहून पीत होते, गात होते, एकमेकांच्या टोप्या घालून फोटो काढत होते. एक माणूस अर्धा हिरवा अर्धा लाल असा मफलर विकत होता. मयुरीने हिरवा मफलर घातलेला, पावेलने लाल-पांढरा. मी आपली शाल घेतली, तिला पक्ष नव्हता.

गेटवर माझी स्टीलची बाटली ठेवून घेतली. आत गेल्यावर कळलं की तिकिटं दोन-दोन अशी वेगवेगळी मिळाली आहेत. पावेल आणि मयुरी वरच्या मजल्यावर, आणि खालच्या चांगल्या जागा आम्हा मोठ्यांना. म्हणजे मी आणि यान, दीड-दोन तास, मध्ये भाषा नाही. मयुरी म्हणाली, "फोनमध्ये भाषांतराचं टाकून दिलंय ना तुला? बोला त्यावर." आणि दोघं जिना चढून गेली.

आमच्या जागा बरोबर सीमेवर होत्या. डाव्या हाताला यान आणि त्यांच्यापलीकडे पोलंडचे लोक, थेट गोलपोस्टपर्यंत. उजव्या हाताला माझ्याच वयाची एक आयरिश बाई, हिरवी टोपी, आणि तिच्यापलीकडे सगळं हिरवं. तिने मला पेपरमिंट दिलं आणि विचारलं, तू कुणाच्या बाजूने? मी म्हणाले, "सन-इन-लॉ पोलंड." मग मयुरीची आठवण झाली. "डॉटर आयर्लंड." ती बाई म्हणाली, "गॉड हेल्प यू, लव्ह." इतकं अचूक मला तोवर कुणी बोललं नव्हतं.

राष्ट्रगीत सुरू झालं तसे पोलंडच्या सगळ्यांनी मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरले. यान पण. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. देश सोडून आलेली ती सगळी मुलं, पावेलसारखीच, गवंडी, ड्रायव्हर, नर्सा, घसा फाडून गात होती. ते ऐकताना माझ्या मनात आलं, ज्यांना आपला गाव इतका हवा आहे ती माणसं परत जाणारच.

पहिल्या अर्ध्यात काय झालं ते विचारू नका. बॉल कुठे होता ते मला माहीत नाही. पोलंडवाले एकदम उड्या मारायला लागले की पायाखालचं काँक्रीट हलायचं आणि मी यानची बाही पकडायची, मग लाजून सोडायची. आयर्लंडच्या खेळाडूला पाडलं की उजव्या बाजूचे उठून ओरडायचे, पोलंडच्या खेळाडूला पाडलं की डावीकडचे, आणि मी दोन्हीकडे बघून मध्ये बसलेली. एकदा पोलंडच्या गोलसमोर गर्दी झाली तेव्हा यानने छातीवर क्रूस काढला, आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या हाताच्या बाईनेही काढला. देवाला दोन्ही अर्ज एकाच खिडकीवर आले. मी आपल्या भवानीशंकराला म्हटलं, तू या भानगडीत पडू नकोस, माझं तेवढं बघ.

मध्यंतर झालं. अर्धे लोक खाण्यापिण्याला गेले. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी फोन काढला. लिहिलं, 'लग्न झाल्यावर तुम्ही मुलांना तुमच्या गावी राहायला बोलावणार का?' फोनवर ते चाक गोल गोल फिरत राहिलं. एवढ्या लोकांचे फोन एकाच वेळी चालू, ते तरी काय करणार. फिरता फिरता एकदाचं थांबलं आणि पोलिश अक्षरं उमटली. मी फोन यानच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वाचलं. परत वाचलं. मग मैदानाकडे बघत राहिले, जिथे कुणीच नव्हतं. खोल आवाजात, हळू, ते म्हणाले, "नो… ताक."

नो. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि नो म्हटल्यावर बिचाऱ्याचा घसा सुकला असणार, म्हणून ताक. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीत म्हणाले, "उद्या सकाळी करते हां, ताजं करते." त्यांनीही माझा हात दाबला. किती चांगला माणूस, म्हटलं, आणि मी उगाच चार महिने झोपले नाही.

दुसरा अर्धा मी पोलंडची झाले. पोलंडने गोल केला तेव्हा मी उठून नाचले, माझी शाल पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडली. यान मात्र गोल झाल्यावरही थोडंच हसले. ते आपल्या फोनमध्ये काहीतरी टाईप करत होते, मला दाखवायला बघत होते, पण त्यांचं चाक फिरतच राहिलं. मला वाटलं सफरचंदं दाखवतायत. मी नंतर नंतर अशी खूण केली. त्यांनी फोन खिशात ठेवला.

मग आयर्लंडने बरोबरी केली, आणि अगदी शेवटी, लोक घड्याळं बघत असताना, कॉर्नरवरून एका उंच पोराने डोक्याने गोल मारला. उजवी बाजू फुटली. त्या बाईने मला मिठी मारली, मग मी कुणाची आहे ते आठवून म्हणाली, "हार्ड लक, लव्ह." डावीकडे एकदम शांत. तरीही मॅच संपल्यावर पोलंडचे लोक उभे राहिले आणि हरलेल्या आपल्या पोरांसाठी पुन्हा गायले. हे मी आमच्याकडे बघितलेलं नाही. आमच्याकडे हरलेल्या टीमला टेम्पोत बसेपर्यंत शिव्या खाव्या लागतात.

बाहेर

गेटच्या बाहेर एका खांबाशी भेटायचं ठरलं होतं. आम्ही आधी पोचलो. मी खुशीत होते. तेवढ्यात यानच्या फोनला नेटवर्क आलं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर मराठी होतं, जरा वेडंवाकडं, पण मराठी. 'मला पण विचारायचं आहे. तुम्ही माझ्या मुलाला भारतात तुमच्या घरी नेणार आहात का? मला भीती वाटते.'

मला कळेना. त्यांना कसली भीती? त्यांनी तर नाही म्हटलं होतं ना. तेवढ्यात मयुरी आणि पावेल आले. मी मयुरीला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं, प्रश्न काय विचारला आणि ते नो म्हणाले आणि मग ताक मागितलं.

मयुरी आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "आई, ताक म्हणजे हो. पोलिशमध्ये हो. नो म्हणजे नाही असं नसतं, ते आपल्या 'हो ना' मधल्या नासारखं. नो ताक म्हणजे, हो तर. बोलावणारच."

"मग ते ताक का प्यायले?"

"आवडलं म्हणून प्यायले."

मी खांबाला टेकून उभी राहिले. लोक गात आमच्या बाजूने जात होते. यान तसेच उभे होते, फोन पुढे धरून, माझ्या उत्तरासाठी थांबलेले. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या माणसाने मला सरळ उत्तर दिलं होतं, समजलं नाही तो दोष माझा. आणि खरं काय होतं? आगाशीला गेल्याच वर्षी आम्ही वरचा मजला चढवला, दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर. भाडेकरू ठेवायचा म्हणून नाही. ह्यांच्याशीसुद्धा त्यावर कधी मोकळं बोलले नव्हते, पण पावेल आमच्या वाडीत, आमच्या माथ्यावर राहणार, हे मी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. यान मुलाला नेणार म्हणून मी चार महिने त्यांना मनात शिव्या घातल्या, आणि मी तरी दुसरं काय करत होते.

मी यानकडे बघून म्हणाले, "हो." मग त्यांच्या भाषेत म्हणाले, "ताक." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

मयुरी आमच्याकडे बघत होती. तिने पावेलला काहीतरी सांगितलं, तो लाल झाला. मग ती मला म्हणाली, अगदी शांतपणे, "तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंत. आम्हाला कुणी विचारलं का?"

खरंच विचारलं नव्हतं. एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांब येऊन, हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

"बरं, सांग," मी म्हणाले. "तुम्हाला कुठे राहायचंय?"

"इथे," मयुरी म्हणाली. "कायमचं. इथे घर बघितलंय आम्ही. ते सांगायचं होतं म्हणून तर म्हटलं, मॅचनंतर जेवताना बोलू."

पावेलने बाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. यानने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मला राग आला, मग रडू आलं, मग वाटलं, हिने निदान आता तरी खोटी आशा दाखवली नाही. मी शाल नीट केली आणि आम्ही चौघं जेवायला गेलो. बटाटा होता. यानने माझ्या ताटात स्वतःचा अर्धा वाढला, मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आला. पाय उशीवर ठेवून बसले असणार, आवाजावरूनच कळलं, रात्रभर झोप नाही.

"बोल एकदाचं," हे म्हणाले. "काय ठरलं? पोलंड की आपण?"

"आयर्लंड," मी म्हणाले.

"मॅचचं नाही गं विचारत."

"मीही मॅचचं सांगत नाहीये."